कोलेस्टेरॉल वाढले: गोळी की पथ्य?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर दादाच्या बँकेने कर्मचाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची मोफत रक्ततपासणी ठेवली होती. दादा आणि वहिनी दोघेही जाऊन रक्त देऊन आले. चार दिवसांनी दोन पाकिटे घरी आली. मी तेव्हा माहेरी, नाशिकला होते. आईने चष्मा लावून दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि म्हणाली, "अगं, दोघांचं अगदी सारखंच आलंय की! दोनशे बत्तीस."

खरोखरच एकूण कोलेस्टेरॉल दोघांचेही २३२ होते. ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात ते एलडीएलही दोघांचे १५२. योगायोग म्हणून आम्ही हसलो. पण संध्याकाळी दोघे डॉक्टरांकडे जाऊन आले तेव्हा घरात कोणीच हसत नव्हते. डॉक्टरांनी वहिनीला सांगितले होते, "तीन महिने खाण्यापिण्यात बदल करा, रोज चाला, मग पुन्हा रक्त तपासू." आणि दादाला मात्र त्याच दिवसापासून रोज रात्री एक गोळी लिहून दिली होती.

दादा चिडला होता. "आकडा एकच ना? मग तिला पथ्य आणि मला जन्मभराची गोळी, हा कुठला न्याय?"

वहिनीची तक्रार उलटीच होती. "मला गोळी दिली असती तर सुटले असते. शाळा, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास. यातून चालायला वेळ कुठून आणू?"

अशी चर्चा आज कितीतरी घरांत होते. रिपोर्ट हातात पडला की कोणी गोळीच्या धसक्याने लसूण चावायला लागतो, तर कोणी गोळी घेऊन निर्धास्तपणे भजी खातो. म्हणून या वेळी याच प्रश्नाकडे जरा शांतपणे पाहू या.

आकडा एक, अर्थ दोन

दादाचे वय ४७, वहिनीचे ४३. दादाला तीन वर्षांपासून मधुमेह आहे. तो तंबाखू खातो. शिवाय आमचे बाबा २००१ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने गेले, तेव्हा ते अवघे ५३ वर्षांचे होते. वहिनीला मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तंबाखूचा प्रश्नच नाही, आणि तिचे आईवडील सत्तरी ओलांडूनही हिंडतेफिरते आहेत.

रिपोर्टमध्येही नीट पाहिले तर फरक होता. 'चांगले' कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, वहिनीचे ५४ आणि दादाचे ३६. (पुरुषांत ते ४०च्या आणि स्त्रियांत ५०च्या खाली गेले तर कमी समजतात.) ट्रायग्लिसराइड ही चरबी वहिनीची १३०, दादाची २२०. मधुमेह, कमी एचडीएल आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड हे त्रिकूट आपल्याकडे फार आढळते.

डॉक्टर केवळ आकड्यावर औषध ठरवत नाहीत. पुढच्या दहा वर्षांत या माणसाला हृदयविकार किंवा पक्षाघात होण्याचा धोका किती, हे ते आधी पाहतात. वय, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, मूत्रपिंडाची स्थिती, घराण्यातला इतिहास या सगळ्यांची बेरीज म्हणजे तो धोका. एलडीएल हा त्या बेरजेतला एक आकडा आहे. तोच आकडा वहिनीच्या बाबतीत सावधगिरीची सूचना होता, तर दादाच्या बाबतीत धोक्याची घंटा.

आपल्या देशात ही बेरीज अधिकच काळजीपूर्वक करावी लागते. 'इंटरहार्ट' या आंतरराष्ट्रीय पाहणीतली आकडेवारी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानुसार दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आला होता, तर इतर देशांतल्या लोकांना जवळजवळ ५९व्या वर्षी. तो ५३चा आकडा वाचताना मी क्षणभर थांबले.

कोलेस्टेरॉल येते कुठून?

कोलेस्टेरॉल हा काही विषारी पदार्थ नव्हे. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणाला ते लागते. हार्मोन्स, ड जीवनसत्त्व आणि पचनाला लागणारे पित्त त्यापासूनच तयार होते. त्याचा मोठा भाग आपले यकृत स्वतःच बनवते, ताटातून येणारा भाग त्या मानाने कमी असतो. म्हणूनच कधी मटणाला न शिवलेल्या, अंगाने सडपातळ माणसाचेही कोलेस्टेरॉल वाढलेले निघते. "मी तर शाकाहारी, मला कसं झालं?" या प्रश्नाचे उत्तर हेच.

रक्तातले जास्तीचे एलडीएल रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीत वर्षानुवर्षे साचत जाते. हे होताना दुखत नाही, खुपत नाही, दमही लागत नाही. एक दिवस तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि रक्तप्रवाह थांबतो. लोक त्याला 'अचानक आलेला झटका' म्हणतात. त्याची तयारी मात्र वीस-वीस वर्षे चाललेली असते.

पथ्याने किती, गोळीने किती?

पथ्य मनापासून पाळले, वजन थोडे उतरवले आणि नियमित व्यायाम केला तर एलडीएल साधारण १० ते १५ टक्के उतरते. काहींचे याहून जास्त, काहींचे कमी. स्टॅटिन गटातल्या गोळीने, मध्यम डोसमध्ये, ते ३० ते ५० टक्के उतरते. मोठ्या डोसमध्ये निम्म्याहून अधिक.

म्हणजे १५२ असलेला माणूस पथ्याने १३०च्या आसपास पोहोचू शकतो. पण ज्याला ७०च्या खाली जायचे आहे, तो कितीही काटेकोर राहिला तरी नुसत्या पथ्याने तिथवर सहसा पोहोचत नाही. यात त्याच्या निश्चयाला कमी लेखायचे नाही, हा साधा वजाबाकीचा हिशेब आहे.

या गोळीची जन्मकथाही गमतीची आहे. जपानमधले शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा तपासल्या. १९७३ मध्ये पेनिसिलियम जातीच्या एका बुरशीत यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे द्रव्य त्यांना सापडले. या गटातली पहिली गोळी अमेरिकेत १९८७ मध्ये बाजारात आली. पण कोलेस्टेरॉल उतरले म्हणून माणूस अधिक जगतो का, ही शंका होतीच. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या अभ्यासाने तिचे उत्तर दिले. पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात गोळी घेणाऱ्या गटात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते.

कोणी थांबायचे, कोणी थांबायचे नाही?

ज्यांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, स्टेंट बसवला आहे किंवा बायपास झाली आहे, त्यांनी 'आधी पथ्य करून बघतो' असे म्हणायचेच नाही. ज्यांचे एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त आहे त्यांनीही नाही. इतका मोठा आकडा बहुतेकदा घराण्यातून आलेला असतो. अशी आनुवंशिक व्याधी साधारण २५० माणसांत एकाला असते, आणि घरात एकाला निघाली तर त्याच्या भावंडांची व मुलांचीही तपासणी करून घ्यावी लागते. चाळिशी उलटलेल्या मधुमेहींनाही सहसा गोळी सुरू करतात. आमचा दादा या गटातला.

दुसरा गट वहिनीसारख्यांचा. वय कमी, दुसरा काही आजार नाही, घराण्यात लवकर हृदयविकार नाही आणि एलडीएल फार चढलेले नाही. अशांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन ते सहा महिने आहार-व्यायाम मनापासून करून पाहण्यात काही गैर नाही. मात्र तारीख ठरवून, पुन्हा रक्त तपासण्याच्या बोलीवर. मुदत नसलेले पथ्य म्हणजे चालढकल.

तिसरा गट या दोहोंच्या मधला, आणि खरा पेच त्यांचाच. पन्नाशीचा माणूस, रक्तदाब किंचित वाढलेला, एलडीएल १४०, काका साठीत गेलेले. इथे डॉक्टरांबरोबर बसून बोलावे लागते. लायपोप्रोटीन-ए नावाची तपासणी आयुष्यात एकदा केली तर आनुवंशिक धोक्याचा अंदाज येतो. काही वेळा हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचले आहे का, हे पाहणारा सीटी स्कॅन सुचवतात. त्यात शून्य आले आणि माणूस मधुमेही नसेल, तंबाखू-सिगारेट घेत नसेल, तर गोळी पुढे ढकलता येते. बरेच कॅल्शियम दिसले तर वाट पाहण्यात अर्थ नसतो.

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शक आकडे दिले आहेत. धोका कमी असलेल्यांचे एलडीएल १००च्या खाली, जास्त धोका असलेल्यांचे ७०च्या खाली आणि ज्यांना हृदयविकार झालेलाच आहे अशा अतिधोक्याच्या लोकांचे ५५च्या खाली असावे. पहिली तपासणी अठराव्या वर्षीच करून घ्यावी, असेही त्यांचे म्हणणे आहे. तपासणीसाठी दरवेळी उपाशीपोटी जायची गरज नाही. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असतील तर मात्र उपाशीपोटी रक्त द्यावे.

आणखी एक गोष्ट अनेकदा राहून जाते. थायरॉइड मंदावले असेल तरी कोलेस्टेरॉल वाढते. तेव्हा गोळी सुरू करण्यापूर्वी थायरॉइडची तपासणी झाली आहे का, हे जरूर विचारा. मूळ दुखणे तिथे असेल तर उपचारही तिथलाच करावा लागतो.

गोळीची भीती

"एकदा सुरू केली की सुटत नाही," हा दादाचा पहिला आक्षेप. ते एका अर्थी खरे आहे, पण त्यात व्यसन लागण्यासारखे काही नाही. चष्मा काढला की अंधुक दिसते, म्हणून चष्म्याचे व्यसन लागले असे आपण म्हणत नाही.

दुसरी भीती अंगदुखीची. काही जणांना या गोळ्यांनी स्नायू दुखण्याचा त्रास खरोखरच होतो. तो डॉक्टरांना सांगावा. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, वेगळ्या गटातले औषधही देता येते. पण यात मनाचाही वाटा मोठा असतो. इंग्लंडमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, त्रास होतो म्हणून गोळी सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी आणि काही महिने काहीच न देता पाहिले. खऱ्या गोळीने जेवढा त्रास होत होता, त्यातला जवळजवळ ९० टक्के बिनऔषधाच्या गोळीनेही झाला! मात्र स्नायू असह्य दुखू लागले आणि लघवी गडद रंगाची झाली तर लगेच डॉक्टर गाठावा. असे क्वचितच होते.

या गोळ्यांनी रक्तातली साखर किंचित वाढू शकते, विशेषतः मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची. पण ज्यांना हृदयविकाराचा धोका आहे त्यांना मिळणारा फायदा त्याहून पुष्कळ मोठा असतो. गरोदर स्त्रियांनी, आणि ज्यांना मूल हवे आहे त्यांनी, गोळीबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलावे. खर्चाची काळजी असेल तर जेनेरिक गोळ्यांबद्दल विचारा, त्या बऱ्याच स्वस्त पडतात. 'चरबी वितळवणाऱ्या' चूर्णांच्या जाहिरातींवर मात्र पैसे घालवू नका.

वहिनीचे तीन महिने

वहिनीने वेळ नाही म्हटले खरे, पण मार्ग शोधला तिनेच. शाळेत जाता-येता रिक्षा बंद केली. जाताना पंचवीस मिनिटे, येताना पंचवीस मिनिटे. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालावे असा डॉक्टरांचा आग्रह होता, तो तीन दिवसांतच पुरा होऊ लागला.

मग तिने स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला. आमच्या घरी चौघांना महिन्याला पाच लिटर तेल लागत होते. आहारतज्ज्ञ माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर पुरे म्हणतात. तिने ते तीन लिटरवर आणले. तळणीचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवणे थांबले. सकाळच्या चहाबरोबरची खारी आणि बटर बिस्किटे बंद झाली. वनस्पती तुपातल्या घातक ट्रान्स फॅटवर आपल्या देशात २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली आहे, पण अशा बेकरीच्या पदार्थांत संपृक्त चरबी भरपूर असतेच. साय साठवून काढलेले तूप आमच्या घरी सढळ हाताने वाढत. वरणभातावर आता ते एक लहान चमचा पडते. खोबऱ्याचे वाटण रोजचे राहिले नाही, सणावाराचे झाले.

त्याऐवजी ज्वारी-बाजरीची भाकरी, एक वेळ तरी उसळ, मूठभर शेंगदाणे, भाजी दुप्पट आणि रात्री पाण्यातून इसबगोल. इसबगोल, डाळी आणि ओट्स यांतला विरघळणारा तंतू आतड्यात कोलेस्टेरॉल धरून ठेवतो आणि बाहेर नेतो. अंडे तिने पूर्ण सोडले नाही, कारण अंड्यापेक्षा लोणी, साय आणि तळण यांतली संपृक्त चरबीच एलडीएल जास्त वाढवते. आणि 'कोलेस्टेरॉलमुक्त' असे लिहिलेला तेलाचा महागडा डबाही तिने दुकानात परत ठेवला. कोणत्याही वनस्पतीजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसतेच, मग त्यात विशेष ते काय?

तीन महिन्यांनी वजन चार किलोने उतरले होते आणि एलडीएल १५२वरून १२९वर आले होते. डॉक्टर म्हणाले, "छान. पण अजून शंभरच्या खाली नाही. असंच चालू ठेवा, सहा महिन्यांनी पाहू. पाळी गेल्यानंतर हे पुन्हा वाढू लागतं, तेव्हा तपासणी सोडू नका." गोळी आज नाही, याचा अर्थ कधीच नाही असा होत नाही, हे वहिनीला नीट समजले.

दादाची चूक

दादाने कुरकुरत का होईना, गोळी सुरू केली. दीड महिन्यात एलडीएल ८६ झाले. घरी पेढे आले नाहीत एवढेच! आणि मग एक दिवस त्याने कोणाला न सांगता गोळी बंद केली. त्याचे म्हणणे, रिपोर्ट नॉर्मल आला, आता औषध कशाला?

तीन महिन्यांनी मधुमेहाच्या तपासणीसाठी गेला तेव्हा डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलही पाहिले. १४९! "गोळी चालू आहे ना?" डॉक्टरांनी विचारले. दादा गप्प. वहिनीने घरी येऊन कपाटाचा खण उघडला, तर तीन पाकिटे जशीच्या तशी.

वहिनी बोलायच्या आधी आईच बोलली. "तुझे बाबाही ब्लडप्रेशरची गोळी अशीच सोडायचे. म्हणायचे, बरं वाटतंय, आता कशाला?" एवढेच म्हणून ती आत गेली. इतक्या वर्षांत ही गोष्ट आम्हा भावंडांना तिने प्रथमच सांगितली.

रिपोर्ट नॉर्मल येतो तो गोळी चालू असते म्हणून. ती थांबवली की यकृत पुन्हा पहिल्यासारखे काम करू लागते आणि काही आठवड्यांत आकडा होता तिथे जातो. गोळी कमी करायची किंवा बंद करायची असेल तर ते डॉक्टरांशी बोलूनच.

डॉक्टरांकडे जाताना हे प्रश्न लिहून न्या: माझा एकूण धोका कमी आहे, मध्यम की जास्त? माझ्यासाठी एलडीएल किती असायला हवे? नुसत्या पथ्याने मी तिथवर पोहोचू शकेन का, आणि किती दिवसांत? थायरॉइड तपासले आहे का? मी घेत असलेल्या इतर औषधांबरोबर ही गोळी चालेल का? पुन्हा तपासणी कधी? घरात कोणाला पंचावन्नच्या आत (स्त्री असेल तर पासष्टच्या आत) हृदयविकार झाला असेल तर ते न विचारता आपणहून सांगा.

मीसुद्धा परत आल्यावर तपासणी करून घेतली. माझे वय ३८. एलडीएल ११८ निघाले. बाबांचे वय सांगितल्यावर डॉक्टरांनी लायपोप्रोटीन-ए पाहायला लावले. ते ठीक आले. सध्या मला गोळी नाही, पण ऑफिसच्या कँटीनमधला रोजचा वडापाव गेला आणि दरवर्षीची तपासणी आली.

दादाची गोळी आता कपाटाच्या खणात नसते, दात घासायच्या ब्रशशेजारी असते. डोस थोडा वाढवला आहे. सकाळी तो वहिनीला शाळेपर्यंत पायी सोडायला जातो आणि चालतच परत येतो. मागच्या महिन्यात एलडीएल ६८ होते. तंबाखू अजून पुरती सुटलेली नाही, त्यावरून वहिनीचे रोज दोन शब्द असतातच.

'गोळी की पथ्य?' असा प्रश्न घेऊन दोघे डॉक्टरांकडे गेले होते. वहिनीला आज पथ्य पुरते आहे. दादाला गोळीही हवी आणि पथ्यही. ताट मात्र आता दोघांचे एकच आहे, आणि आईसकट सगळे घर त्याच ताटात जेवते.